नगर ते राजूर: दुपारी दमणाऱ्या गाडीतून

"टर्बो गेलाय ताई. नवीन टाका, नाहीतर गाडी काढून टाका," नगरच्या गॅरेजवाल्या भाऊंनी हात पुसत सांगितलं, तेव्हा मी राजूरला जायचं आधीच कबूल करून बसले होते. कबूल केलं होतं माझ्या आत्याला. आणि कौसल्याआत्याला दिलेला शब्द फिरवायची हिंमत आमच्या घरात अजून कुणी केलेली नाही.

आत्या पुणतांब्याला राहते. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी काढली, आता सत्तरी ओलांडली आहे. नर्सिंग शिकताना नगरच्या होस्टेलमध्ये तिच्या खोलीत शकुंतला नावाची मुलगी होती. ती पुढे अकोले तालुक्यात राजूरला स्थायिक झाली. दोघींची मैत्री टिकली, पण भेटी राहिल्या. आता शकुंतलामावशींचा मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला घेऊन चालला होता. "ती गेली म्हंजी परत कुठं भेटतीय," आत्या फोनवर म्हणाली. "यष्टीनं जाते म्हटलं तर डॉक्टर न्हाई म्हनतोय. ह्या उन्हात दोन गाड्या बदलून जायाचं न्हाई म्हनं." मी म्हणाले, "मी नेते."

आता गाडीची गोष्ट. आमची डिझेल गाडी जुनी आहे, पण तब्येतीनं ठणठणीत. निदान एप्रिलपर्यंत होती. ऊन तापायला लागलं तशी ती दुपारी दमायला लागली. सकाळी घोड्यासारखी पळायची. दुपारी तासभर चालली आणि चढ लागला की पाय कितीही दाबा, हूं की चूं नाही. सावलीत उभी केली, गार झाली, की पुन्हा शहाण्यासारखी चालायची. इमामपूरच्या घाटात पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं डिझेलमध्ये काही कचरा आला असेल. डिझेलचा फिल्टर बदलला, हवेचा फिल्टर बदलला. फरक शून्य. मग गॅरेज. तिथे भाऊंनी गाडी उभी करून इंजिन रेस केलं, कान लावला, काही सापडलं नाही, आणि काही सापडत नाही म्हणजे टर्बोच, असा निकाल दिला.

मला तो पटला नाही. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ओतकामाचे सुटे भाग तपासते. वीस-एक वर्षं झाली. कुठला भाग का नापास केला हे मला लिहून द्यावं लागतं, आणि "दुसरं काही सापडलं नाही म्हणून" असं कारण चालत नाही. टर्बो खरंच खराब झाला तर तो सकाळीही खराबच असायला हवा. दुपारी बिघडणारी आणि गार झाल्यावर सुधारणारी वस्तू वेगळीच काहीतरी होती. ती काय, हे मला माहीत नव्हतं. पण ती सापडेल याची खात्री होती.

माझा नवरा मिलिंद मात्र शांतपणे म्हणाला, "भाड्याची गाडी करू या ना."

"करू. रस्त्यात मला वाटलं की ही पोचत नाही, तर जिथे असू तिथून भाड्याची गाडी करू," मी म्हणाले. असा करार झाला आणि आम्ही निघालो.

शनिवारी मिलिंदच्या पतसंस्थेला अर्धा दिवस असतो. त्यामुळे निघायला दुपार झाली. मे महिन्यात तुम्ही या रस्त्यानं जाणार असाल तर आमचं अनुकरण करू नका, पहाटे निघा. नगर-मनमाड रस्त्यावर कामं चालू असतात, मधूनच एका बाजूची वाहतूक दुसऱ्या बाजूला वळवलेली असते, अवजड गाड्या भरपूर. राहुरीपर्यंत फारसा त्रास झाला नाही. राहुरीत थांबून आम्ही मिसळ खाल्ली, वर थंड ताक. दोघांचं पोट भरलं आणि खिशाला काही कळलं नाही. बाहेर पारा चाळिशीच्या वर होता. गाडीचं स्टिअरिंग रुमालानं धरावं लागत होतं.

कोल्हारच्या अलीकडे एक टँकर पुढे आला. रस्ता सरळ होता. समोरून बस येत होती, पण बरीच लांब. मी चौथ्यावरून तिसरा गिअर टाकला आणि टँकरच्या बाजूला गाडी काढली. एरवी एवढ्या अंतरात ही गाडी दोन टँकर मागे टाकते. अर्ध्यात आल्यावर कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ती थांबली. म्हणजे चालत होती, पण वेग वाढेना. मी पाय पूर्ण दाबला. टँकरचं मागचं चाक मिलिंदच्या खिडकीशी तसंच राहिलं. बस मोठी होत गेली. तिच्या चालकानं दिवे मारले.

मी पाय काढला, ब्रेक दाबला आणि टँकरच्या मागे परत आले. बस हॉर्न वाजवत शेजारून गेली.

 मिलिंदचा हात खिडकीवरच्या कडीला होता, तो त्यानं कोल्हारच्या पुलापर्यंत काढला नाही.  पूल ओलांडल्यावर मी म्हणाले, "दोष सापडेपर्यंत मी कुणालाही ओव्हरटेक करणार नाही. बैलगाडी असली तरी मागे राहीन."

"आत्याला बसवायचं का मग हिच्यात?" त्यानं विचारलं. प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, "घाटाच्या आधी ठरवू."

प्रवरा ओलांडून पुढे एका रसवंतीवर थांबलो. एसी बंद करून काही फरक पडतो का हे मी मधल्या पट्ट्यात पाहिलं होतं, पडला नव्हता. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध होता, म्हणजे इंजिन तापत नव्हतं. डॅशबोर्डवर कुठला दिवाही लागलेला नव्हता. रसाचा ग्लास हातात घेऊन मी यावर विचार करत होते, तेवढ्यात एक मोटारसायकल थांबली. नवरा, बायको, मध्ये लहान मूल. त्या माणसानं माझ्या गाडीकडे बोट केलं.

"तुमचीच का ही? लई काळा धूर सोडतीय ताई. मघाशी तुमी टँकरच्या बाजूला गेल्तात ना, तवा मागं नुसता अंधार झाल्ता."

"माझा पदर बगा," त्याची बायको म्हणाली. पदर खरंच काजळला होता. मी माफी मागितली आणि दोघांना रस पाजला. त्यांना काय कल्पना, माझं निम्मं काम त्यांनी करून दिलं होतं.

ज्यांना गाडीतलं फारसं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा एक छोटा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. जास्त हवा, म्हणून जास्त डिझेल जळतं, म्हणून जास्त ताकद. दाबलेली हवा तापते, तेव्हा ती आधी रेडिएटरसारख्या एका खोक्यातून गार होऊन मग इंजिनात जाते. या सगळ्या वाटेवर जाड रबरी पाईप असतात. आता डिझेल कमी येत असतं तर धूर झाला नसता, गाडी नुसतीच मरगळली असती. काळा धूर म्हणजे डिझेल पूर्ण येतंय, पण ते जाळायला हवा पुरत नाही. आणि टर्बो आतून झिजला असता तर तेल जळून निळसर धूर आला असता, इंजिनाचं तेल कमी झालं असतं. तेल मी दर आठवड्याला बघत होते, मोजायच्या पट्टीवर जिथल्या तिथे.

हवा वाटेत कुठेतरी निसटत होती. रबर उन्हानं आणि इंजिनाच्या आचेनं मऊ पडतं. गार असताना मिटलेली भेग तापल्यावर दाबानं उघडते. आणि गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर ती दिसलीच नसती, कारण उभ्या गाडीवर ओझं नाही, ओझं नाही म्हणून टर्बोला जोर नाही, जोर नाही म्हणून गळती नाही. मला एकदम हलकं वाटलं. मिलिंदला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "मग पाईप कुठला?"

"ते अजून माहीत नाही."

बाभळेश्वर, राहाता करत टेम्पोंच्या आणि ट्रॅक्टरच्या मागून सावकाश पुणतांब्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आत्या अंगणात पाणी मारत होती. "जय भीम आत्या," म्हणून मी वाकले, तर तिनं पाठीवर थाप मारली. "जय भीम गं वैशू. एवढा उशीर? कुनाच्या मागं मागं आलात?"

"सगळ्यांच्या," मिलिंद म्हणाला.

पुणतांबा हे गोदावरीकाठचं गाव. तुम्ही गेलात तर संध्याकाळी घाटावर जा. मे महिन्यात पात्र आक्रसलेलं असतं, पण पायऱ्यांवर वारा असतो, आणि रेल्वे जंक्शन जवळ असल्यानं गाडीची शिट्टी नदीवरून येते. आम्ही तिघं बराच वेळ बसलो. तिथे आत्यानं गाडीची चौकशी सुरू केली. दवाखान्यात आलेल्या माणसाची करावी तशी.

"दम चढालाच लागतो का सपाटीला बी?"

"सपाटीलाही लागतो, जोर मागितला तर."

"बसल्या जागी लागत न्हाई?"

"नाही."

"मग बसवून काय तपासायचं? चालवून तपासायचं. आमी दम्याच्या पेशंटला जिना चढाय लावायचो, मग छातीला नळी लावायचो."

मी तेच करणार होते, पण मला एक अडचण होती. चालत्या गाडीचं बॉनेट उघडून कान लावता येत नाही. थांबवून उघडावं तर गळती थांबलेली. जेवताना, म्हणजे ज्वारीची भाकरी, शेवग्याची आमटी आणि ठेचा पुढे असताना, डोक्यात तेच घोळत होतं. आणि मग कारखाना आठवला. ओतीव भागाला बारीक भेग आहे का हे बघायला आम्ही त्याला लाल रंग लावतो, तो पुसून टाकतो आणि वरून पांढरी भुकटी मारतो. भेगेत उरलेला रंग भुकटीवर रेघ काढतो. डोळ्यांना न दिसणारी भेग भुकटीला दिसते. टर्बोच्या पाईपातल्या हवेत तेलाचा थोडा अंश असतोच. पाईप पुसून कोरडे करून वर पांढरी पावडर लावली, तर हवा जिथून निसटेल तिथे पावडर उडेल आणि काळपट डाग राहील. गाडी थांबली तरी डाग थोडाच पळून जातो?

"आत्या, तुझ्याकडे टाल्कम पावडर आहे?"

"हाय की. कुनाला घामोळं झालं?"

रविवारी पहाटे गाडी गार असताना मी कामाला लागले. मिलिंदनं टॉर्च धरला. डिटर्जंटच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं हवेचे रबरी पाईप एकेक करून पुसले, हात पोचतील तितके खालूनही. कोरडे केले. मग कापसाच्या बोळ्यानं पावडर थोपटली. हे कुणी करणार असाल तर पावडर फक्त पाईपांच्या बाहेरून लावा, हवेच्या फिल्टरच्या तोंडाजवळ अजिबात नको, आणि फिरत्या पट्ट्यांपासून फडकं लांब ठेवा. काम संपलं तेव्हा आमचं इंजिन लग्नातल्या पाहुणीसारखं दिसत होतं. आत्या डोकावून म्हणाली, "लई पावडर झाली. जरा पुस."

निघालो. लोणीवरून संगमनेर, रस्ता बरा आहे. सकाळच्या गारव्यात गाडी इतकी छान पळत होती की मिलिंद म्हणाला, "झाली की बरी." संगमनेरला बॉनेट उघडून पाहिलं. पावडर सगळीकडे जशीच्या तशी होती. मला ते अपेक्षितच होतं. पण आत एक बारीक धाकधूक सुरू झाली. माझा अंदाजच चुकला असेल तर? वडापाव घेऊन आम्ही पुढे निघालो.

या पट्ट्यात आत्यानं शकुंतलामावशींची गोष्ट सांगितली. मी ती पहिल्यांदाच ऐकत होते. होस्टेलमध्ये दोघींचा डबा एक, ताट एक. मावशींचं घर भिक्षुकीचं. एकदा त्यांची आई भेटायला आली आणि दोघींना एका ताटात जेवताना बघून काही न बोलता उठून गेली. दुसऱ्या दिवशी बापाचं पत्र आलं, खोली बदलून घे म्हणून.

"मग?"

"मग काय. मीच म्हनले, बदल गं, कशाला घरात भांडान. तर ती म्हनली, कौसल्ये, आमटी वाढ, गार व्हाय लागली." आत्या खिडकीबाहेर बघत होती. "वर्षभर घरी गेली न्हाई ती. दिवाळीला बी न्हाई. माझ्या घरी आल्ती दिवाळीला."

 मी मनातल्या मनात ठरवलं की या गाडीनं नाही तर दुसऱ्या, पण आत्या आज राजूरला पोचणार.

अकोल्याला आलो तोवर ऊन भाजायला लागलं होतं. अकोले ते राजूर या रस्त्यावर विठा घाट लागतो. फार मोठा नाही, पण वळणं आहेत आणि समोरून येणारं पटकन दिसत नाही. मी गावाबाहेर एका चहाच्या हॉटेलापुढे, कडुनिंबाखाली गाडी लावली आणि आत्याला उतरायला सांगितलं.

"का?"

"घाट आधी आम्ही दोघं चढून बघतो. तू इथं सावलीत बस."

"मला काय काचंचं भांडं समजतीस का?"

"नाही. पण चढावर गाडी बंद पडली तर तुला उन्हात उभं करणार नाही. अर्ध्या तासात आलो नाही तर मिलिंद भाड्याची गाडी घेऊन येईल."

हॉटेलच्या मालकीणबाईंनी खुर्ची आणून दिली. "बसा आजी, माज्या नजरंखाली हायेत तुमी," त्या म्हणाल्या. आत्या बसली, पण तोंड फिरवून.

घाट सुरू झाला. मी मुद्दाम एसी लावला, तिसऱ्या गिअरला पाय भरपूर दिला. दुसऱ्या वळणापर्यंत गाडी चढली. तिसऱ्या वळणाआधी ते ओळखीचं धरून ठेवणं आलं. काचेतून मागे पाहिलं, काळा धूर. मी आणखी थोडं दामटलं, दोष पुरता उमटू दे म्हणून. मग रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली, मागच्या चाकांना दगड लावले, बॉनेट उघडलं.

आतून भट्टीसारखी आच आली. वरचे पाईप पांढरे. बाजूचे पांढरे. मिलिंद म्हणाला, "काहीच नाही गं." मी मोबाईलचा टॉर्च लावून खाली वाकले. गार करणाऱ्या खोक्यातून इंजिनाकडे जाणारा जाड पाईप जिथे वळतो, त्या वळणाच्या खालच्या अंगाला पावडर नव्हती. बोटभर पट्टा उडून गेला होता आणि त्याच्या कडेनं ताजा, काळा, तेलकट फराटा उमटला होता. वरून कितीही बघितलं असतं तरी दिसला नसता.

"सापडला!" मी एवढ्या जोरात ओरडले की खालून येणारा एक टेम्पोवाला थांबला. "काय सापडलं? साप?"

"नाही हो, पाईप!"

तो डोकं हलवत निघून गेला. मिलिंद मात्र तिथे उन्हात उभा राहून हसत सुटला, आणि मी पण. आदल्या दिवशीच्या बसचं ओझं त्या हसण्यात उतरलं असावं.

उतारावरून हलकेच अकोल्याला परत आलो. आत्या बसली होती त्या हॉटेलाशेजारीच पंक्चरचं दुकान उघडं होतं. "पंक्चर कुठंय?" दुकानदारानं विचारलं. "गाडीच्या श्वासनळीला," मिलिंद म्हणाला. आम्ही मोटारसायकलची एक जुनी ट्यूब आणि पाईपाला आवळायच्या चार लोखंडी क्लिपा घेतल्या. ओल्या फडक्यानं पाईप गार केला, पुसून कोरडा केला. भेग करंगळीच्या पेराएवढी होती. रबरात आत गेलेली, कडा मिटलेल्या. ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून त्या ताणून ताणून एकावर एक गुंडाळल्या, भेगेच्या दोन्ही बाजूंना क्लिपा घातल्या आणि आवळल्या. माझं मनगट एका गरम नळीला लागून पोळलं. आत्यानं तिथल्या तिथे पाण्याखाली धरायला लावलं आणि क्लिप आवळायचं काम मिलिंदकडे दिलं. ती आता रुसलेली नव्हती. भेग तिनं स्वतः वाकून बघितली होती.

"एवढीशी?" ती म्हणाली. "एवढ्याशानं एवढा दम?"

मी एकटी गाडी घेऊन पुन्हा अर्धा घाट चढून आले. तिसरं वळण आलं, मी पाय दिला आणि गाडीनं मला सीटवर मागे ढकललं. धूर नाही. खाली येऊन ट्यूबची पट्टी तपासली, कोरडी होती. मग आत्याला म्हणाले, "बस आता." हे तात्पुरतं काम होतं, त्यामुळे मी गाडी जपून, जोर न देता चालवणार होते. पण आता मला माहीत होतं मी काय चालवतेय.

राजूरला जेवणाची वेळ टळून गेली होती. शकुंतलामावशी ओट्यावर उभ्या होत्या. बारीक, उंच, पांढरी वेणी. आत घरात बांधाबांध झालेली, भिंतींवर फोटोंच्या जागा मोकळ्या. आत्या गाडीतून उतरली आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"केवढी वाळलीस," आत्या म्हणाली.

"तू केवढी सुटलीस. शुगर तपासतेस का?"

"तू बीपीची गोळी घेतीस का ते सांग आधी."

एकमेकींची तब्येत अशी दारातच तपासून झाली आणि मग दोघी रडल्या. मिलिंद आणि मी डिकीतलं सामान काढायच्या निमित्तानं मागे रेंगाळलो. मावशी जेवायच्या थांबल्या होत्या. आत गेल्यावर त्यांनी चार ताटं घेतली, मग एक परत ठेवलं. आत्या आणि त्या एकाच ताटात जेवल्या. 

राजूरला गेलात तर पेढे घ्या, खरपूस भाजलेल्या खव्याचे असतात. आम्ही संध्याकाळी बाजारात जाऊन घेऊन आलो, तोवर दोघी ओट्यावर बसून होत्या, आणि मावशी सांगत होत्या की त्यांना जायचं नाहीये. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, पण नवव्या मजल्यावर राहून करायचं काय. आत्यानं समजूत घातली नाही. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तिथं बी दवाखाना असंल. जाऊन बस. मान्सं भेटतील." मावशी हसल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "भंडारदऱ्याचं धरण एकदा बघायचं होतं जाण्याआधी. तुझी गाडी चढेल का गं तिथवर?"

मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. पाईपाला ट्यूब बांधलेली होती. मी बाहेर जाऊन क्लिपा पुन्हा एकदा तपासल्या, थोड्या आवळल्या, आणि येऊन सांगितलं, "सकाळी गारव्यात नेते. मध्ये दोनदा थांबून बघेन. पट्टी सरकलेली दिसली तर तिथून परत. चालेल?"

"चालेल," दोघी एकदम म्हणाल्या.

सोमवारी उजाडताना निघालो. मध्ये दोनदा थांबले, दोन्ही वेळा पट्टी जागच्या जागी होती. धरणात पाणी खाली गेलेलं होतं, काठावर मातीचे पट्टे उघडे पडलेले, पलीकडे डोंगर अजून निळे. दोघी म्हाताऱ्या एका दगडावर बसल्या. मावशींनी हात लांब करून पलीकडच्या काठावरचा एक पाडा दाखवला. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या पाड्यावर बाळंतपणाला त्या होडीतून गेल्या होत्या. आत्यानं विचारलं, "पोरगं झालं का पोरगी?" "पोरगी. आता आजी झाली असेल ती."

ऊन चढायच्या आत आम्ही मावशींना राजूरला सोडलं. दारात निरोप लवकर उरकला, ते दोघींनी आधीच ठरवलेलं असावं. घाट उतरताना आत्या मागच्या सीटवर झोपली. अकोल्याच्या पुढे मिलिंद म्हणाला, "दे, मी चालवतो." लांबच्या रस्त्याला तो सहसा गाडी मागत नाही. थोड्या वेळानं समोर बघतच तो म्हणाला, "त्या बसच्या वेळी वाटलं होतं, तू हट्टाला पेटलीयेस."

"मग?"

"नंतर तू ट्रॅक्टरच्या मागं मागं पुणतांब्यापर्यंत आलीस. तेव्हा वाटलं, नाही."

आत्याला पुणतांब्याला सोडून संध्याकाळी नगरला घरी पोचलो. आठवड्यात नवा पाईप आला. गॅरेजवाल्या भाऊंनीच तो बसवला. जुना पाईप त्यांनी हातात घेऊन वाकवला, भेग उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "उभ्या गाडीला हे मला दिसलं नसतं," ते म्हणाले, "पण चढावर नेऊन बघायला पायजे होती, ते मी केलं न्हाई." मी पावडरीचं सांगितलं. त्यांनी जुना पाईप ठेवून घेतला. आता दुपारी दमणाऱ्या गाड्या आल्या की ते आधी चालवून बघतात, असं त्यांच्याकडे गेलेल्या माझ्या एका सहकाऱ्यानं सांगितलं.

गाडी विकायचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. भर मेमध्ये, भर दुपारी ती चालवली, आणि ती चढावर जितका जोर मागितला तितका देते. तुमच्या जुन्या टर्बो गाडीचं असं होत असेल तर मोठा खर्च कबूल करण्याआधी धूर कसला येतो ते मागच्या माणसाला विचारा, पाईप खालून बघा, आणि तोवर कुणाला ओव्हरटेक करू नका. एवढं या प्रवासातून खात्रीनं सांगू शकते.

परवा आत्याचा फोन आला. मावशी हैदराबादला पोचल्या आहेत. सोसायटीच्या खालीच एक छोटा दवाखाना आहे, तिथे त्या सकाळी जाऊन बसायला लागल्या आहेत, लोकांचं बीपी मोजतात, आणि भाषा येत नसल्यानं सगळ्यांना मराठीतच रागावतात. आत्या हे सगळं हसत हसत, मावशींच्या आवाजात नक्कल करून सांगत होती. अर्धा तास बोलली. गाडीबद्दल एक शब्दही विचारला नाही.

मी फोन ठेवला आणि मला फार बरं वाटलं.